चाळीस मेंदूंची खंडेनवमी

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको. आई म्हणते, मी जन्मले तेव्हा रडले नाही, भांडले. माझे वडील अण्णासाहेब तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. अख्ख्या नोकरीत त्यांनी पोरांवर जेवढा आवाज चढवला नसेल, तेवढा मी एका दुपारी चढवला, आणि तोही एका भल्या माणसावर. त्या दुपारची ही गोष्ट.

मी प्रियदर्शनी. जालन्यात मस्तगडला आमचं घर. अंबड रस्त्यावरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवते. म्हणजे जूनमध्ये मला घेतात आणि एप्रिलमध्ये सोडतात, पुन्हा जूनमध्ये घेतात. असं चौथं वर्ष चालू होतं. प्रत्येक मे महिन्यात आई शेजारणींना सांगायची, पोरगी सध्या अभ्यास करतेय, आणि मी आतल्या खोलीत पंख्याकडे बघत पडलेली असायचे.

अशात पुण्याच्या एका संशोधन केंद्रातल्या संध्या मॅडमशी ओळख झाली. त्यांचं काम मेंदूच्या जाळ्याचं. मेंदूचे ऐंशीएक भाग आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा, असा प्रत्येक रुग्णाचा नकाशा स्कॅनवरून काढता येतो. तो नकाशा संगणकात घालायचा आणि तिथं मुद्दाम फिट उठवून बघायची. कुठून सुरू झाली, कुठल्या वाटेनं पसरली, कुठली वाट अडवली तर थांबली, हे सगळं खऱ्या डोक्याला हात न लावता कळतं. त्यांच्याकडे पीएचडीची एकच जागा होती आणि तिच्यासाठी दोघं उरलो होतो, मी आणि कोणीतरी आयआयटीवाला. मॅडमनी दोघांनाही सारखंच काम दिलं. चाळीस रुग्णांचे नकाशे, नावं नाहीत, नुसते नंबर. प्रत्येकाच्या दहा वेगवेगळ्या खेपा चालवायच्या आणि निकाल पाठवायचे. "आमच्याकडे उत्तरं आहेत," मॅडम म्हणाल्या, "तुमच्या मशीनवर तीच आली पाहिजेत, आकड्याला आकडा. रविवारी संध्याकाळी सहापर्यंत. सोमवारी आमची मीटिंग आहे, तिथं नाव ठरणार."

एकाच्या मशीनवर चालणारं सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या मशीनवर चालत नाही, हे आमच्या धंद्यातलं जुनं दुखणं. त्यावर उपाय म्हणजे कंटेनर. सॉफ्टवेअर, त्याला लागणारी प्रत्येक बारीकसारीक गोष्ट, सगळं एकाच डब्यात भरून झाकण लावायचं. मग तो डबा कुठल्याही मशीनवर उघडा, आतली चव तीच. हे मी आईला समजावून सांगितलं तेव्हा तिनं भाकरी थापता थापता विचारलं, "मीठ टाकलं का?" मी म्हटलं, सगळं टाकलं. तीन आठवडे मी तो डबा भरत होते. एका भागाला दुसऱ्याची जुनी आवृत्ती हवी, तिसऱ्याला नवीच हवी, आणि दोघं एका पंगतीला बसायला तयार नाहीत. तेरा डबे फेकून दिले. चौदावा बसला.

आता चालवायचा कुठं, तर आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये. चाळीस कॉम्प्युटर, रुग्णही चाळीस, एकाला एक. दसऱ्याला जोडून गुरुवार ते रविवार सुट्टी होती, लॅब रिकामी. प्रिन्सिपलनी "चालवा की" म्हटलं आणि ते सहकुटुंब बाहेरगावी गेले. मी हिशेब केला. एका मशीनला अडुसष्ट तास. गुरुवारी सकाळी नऊला सुरू केलं तर रविवारी पहाटे पाचला संपेल, वर तेरा तास हाताशी. मशीन जुन्या, त्यांच्या डिस्कवर सारखं लिहायला लावलं की रडतात, म्हणून मी ठरवलं की दहाही खेपा संपल्यावरच निकाल एकदम लिहायचा, तोवर सगळं तात्पुरतं मशीनच्या आठवणीत, म्हणजे मेमरीत, ठेवायचं. म्हणजे मधेच वीज गेली तर सगळं पुसलं जाणार. पण कॉलेजला जनरेटर आहे, वीज कशाला जातेय, असा माझा थाट. पडद्यावर फक्त एक आकडा ठेवला, एकपासून हजारपर्यंत. दर चार मिनिटांनी तो एकानं पुढं सरकायचा.

गुरुवारी लॅब उघडून दिली ती रखमाजीमामांनी. मामा आमचे लॅब अटेंडंट, साठीला टेकलेले, शर्ट नेहमी इस्त्रीचा. लॅबचा मुख्य स्विच भिंतीतल्या लोखंडी पेटीत, आणि त्या पेटीची किल्ली मामांच्या वरच्या खिशात.

"सुट्टीत कामून चालू ठेवून राह्यलात, मॅडम?" त्यांनी विचारलं.

"प्रोजेक्ट आहे," मी म्हटलं.

"बराबर," ते म्हणाले आणि निघून गेले. मी दारावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत छापलेला कागद चिकटवला, सिम्युलेशन चालू आहे, बंद करू नये, अशा अर्थाचा. खाली तीन वेळा रेघ ओढली.

मग मी आईबरोबर घनसावंगीला माझ्या सख्ख्या मामाकडे गेले. दसऱ्याला, म्हणजे आमच्या विजयादशमीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम तिथल्या विहारात मोठा असतो आणि यंदा तयारी मामाच्या गळ्यात पडली होती. पंचशील पताका लावणं, चुना मारणं, खिरीचं पातेलं कुणाकडून आणायचं यावर वाद घालणं, अशी कामं चालली होती. मी शिडीवर आणि फोन खिशात. फोनवर लॅबचे चाळीस हिरवे ठिपके दिसायचे. गुरुवार हिरवा गेला, शुक्रवार हिरवा गेला.

शनिवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पहिला ठिपका लाल झाला. मला वाटलं नेटवर्क. मिनिटाभरानं दुसरा. मग तिसरा. दर मिनिटाला एक, शिस्तीत, पहिल्या रांगेपासून. दहा वाजायच्या आत चाळीसही लाल झाले. मी शिडीवरून उतरले की पडले ते मला आजही नीट सांगता येत नाही. रखमाजीमामांना फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. प्रिन्सिपलांना लावला, ते कुठल्याशा घाटात होते आणि त्यांचा आवाज तुटत होता. आईला म्हटलं, "मी जाते." ती म्हणाली, "जेवून तरी जा," आणि माझं तोंड बघून पर्स हातात दिली.

स्टँडवर अंबडची जीप उभी होती, पण निघायचं नाव घेईना. पप्पू नावाचा ड्रायव्हर बॉनेटवर हळद-कुंकू लावत होता. चाकांना लिंबं, आरशाला झेंडूची माळ, पुढं फोडलेला नारळ.

"दादा, जल्दी करा," मी म्हटलं. "गाडीची पूजा दसऱ्याला करतात, उद्या."

"ताई, आज खंडेनवमी हाय," तो शांतपणे म्हणाला. "औजाराचा दिवस. खरं तर आज औजाराला हातच लावायचा नसतो, इसावा द्यायचा. पर सवारी खोळंबती, म्हणून गाडीची माफी मागून निघावं लागतं."

मला आधी हसू आलं. जीप हलली, अंतरवालीच्या फाट्यापर्यंत आलो. रस्त्याकडेला ट्रॅक्टर उभे, धुतलेले, माळा घातलेले. पिठाची गिरणी बंद आणि तिच्या पट्ट्याला फूल. वेल्डिंगच्या दुकानाचं शटर खाली. आणि तिथं मला ते लाल ठिपके आठवले. इसावा. औजाराला हात लावायचा नसतो. पहिल्या रांगेपासून, दर मिनिटाला एक.

आमच्या घरात छप्पन सालापासून खंडेनवमी नाही. आजोबांनी दीक्षा घेतली आणि घरातली जुनी तिथीवारांची गणितं त्यांच्याबरोबर संपली. मला हा दिवस माहीत नव्हता असं नाही, जालन्यात राहून कोण तसं म्हणेल. पण माझ्या डोक्यातल्या कॅलेंडरवर तो नव्हता. दसरा म्हणजे पांढरी साडी आणि विहार, त्याच्या आदला दिवस म्हणजे पताका. डब्यात मी सगळं भरलं होतं, खंडेनवमी भरायची राहिली.

लॅबपाशी पोचले तेव्हा सव्वा वाजला होता. मामा दाराबाहेर स्टुलावर बसले होते, पांढरीशुभ्र टोपी घालून, हात मांडीवर. आतली फरशी धुतलेली. चाळीस पडदे पुसून लख्ख आणि काळे. प्रत्येक कॉम्प्युटरवर हळदी-कुंकवाचं बोट आणि एकेक झेंडू. दाराशी पाट मांडलेला, त्यावर पक्कड, स्क्रूड्रायव्हर, केबल कापायची कात्री, मामांचा मोबाईल, आणि सगळ्यांना सारखं कुंकू.

"या मॅडम," मामा उठून म्हणाले. "परसाद घ्या."

मी प्रसाद घेतला नाही. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही, मला लाज वाटते. माझ्या तीन दिवसांच्या कामावर तुम्ही फुलं वाहिलीत, म्हणाले. दारावर एवढा मोठा कागद लावला होता, म्हणाले. माझ्या आयुष्याची एकच संधी होती, म्हणाले. आणि शेवटी म्हणाले, "अडाणीपणाला काही सीमा असते, मामा."

शब्द तोंडातून गेला आणि मला तो ऐकू आला. आमच्या घरात हा शब्द कुणी वापरत नाही. माझ्या आजोबांना तो जन्मभर ऐकावा लागला होता, त्यांच्यापेक्षा दहा बुकं कमी वाचलेल्यांकडून. अण्णांनी वर्गात एका पोरालाही तो कधी लावला नाही. आणि मी तो एका म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर मारला होता, त्याच्या हातात खोबऱ्याचा तुकडा असताना.

मामांनी खोबरं परत ताटलीत ठेवलं. "कागुद इंग्रजीत व्हता," एवढंच म्हणाले. मग आत जाऊन खणातून एक वही घेऊन आले.

"म्या एकदम मेन वढला न्हाई, मॅडम. आधी झोपवल्यात."

"म्हणजे?"

"सर्जेराव सर व्हते ना तुमच्या आधी. तवा जनरेटर न्हवता, लोडशेडिंगला लाईट गेली की पोरांचं काम जायचं, पोरं बोंबलायची. मंग सरांनी मशीनच्या बटणात तशी युक्ती करून ठिवली. बटण एकदाच दाबायचं. मशीन समदं हाय तसं डिस्कवर लिहून ठिवती आन् झोपती. दिवा इझला की मंग मेन. म्या चाळीसच्या चाळीस अशाच झोपवल्या, दिवा इझंस्तोवर थांबून." त्यांनी वही उघडली. "आन् ह्ये काटे."

वहीत रेघा आखून, सुबक अक्षरात, दोन रकाने होते. मशीन एक, सातशे आठ. मशीन दोन, सातशे आठ. मशीन तीन, सातशे नऊ. अशी चाळीस.

"हे कशाला लिहिलंत?" मी विचारलं.

"बावीस वर्सं रोलिंग मिलला व्हतो. मशीन थांबवायच्या आधी काटा लिहायचा, चालू केल्यावर परत बघायचा. काटा जुळला न्हाई तर मशीनला कायतरी झालंय. पडद्यावर आकडा दिसला म्हणून लिवला. त्याचा अर्थ म्हाईत न्हाई."

मी स्टुलावर बसले. मामांच्याच. चार वर्षं त्या लॅबमध्ये शिकवत होते आणि ते बटण मी कधी दाबलं नव्हतं, ते काम मामांचं. मेंदू पुसले गेले नव्हते, झोपले होते. मी भराभर हिशेब केला. वीस तासांचं काम उरलं होतं. आत्ता दोनला सुरू केलं तर उद्या सकाळी दहाला संपेल.

"मामा, मेन चालू करा."

"उद्या. सूर्य उगवला की पयलं काम ह्येच."

"उद्या सकाळी चालू केलं तर सोमवारी पहाटे संपेल. मला उद्या संध्याकाळी सहाला पाहिजे. सहानंतर त्या कामाचा काही उपयोग नाही."

"आज न्हाई, मॅडम." आवाज चढला नव्हता, पण भिंत होती. "वरीसभर राबत्यात. एक दिस इसावा असतो. चौदा वर्सांत म्या कदी मोडला न्हाई. प्रिन्सिपल साहेब आले तरी न्हाई."

माझ्या डोक्यात पुन्हा वाफ जमू लागली. आमच्या घरी हे नसतं, असं म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं. एकदा तोंड उघडून काय झालं ते समोर होतं.

"ह्याच्यात चालू काय व्हतं, ते तर सांगा," मामाच म्हणाले. "लिवून घेतलं, पर कळलं न्हाई."

गुरुवारी त्यांनी हेच विचारलं होतं आणि मी एका शब्दात वाटेला लावलं होतं. आता मी सांगितलं. संध्या मॅडमना जेवढं नीट कधी सांगितलं नव्हतं तेवढं नीट. मेंदूचे भाग, त्यांच्यातल्या वाटा, फिट कशी एका कोपऱ्यात उठते आणि सगळ्या घरभर पसरते. प्रत्येक मशीनमध्ये एका माणसाचा मेंदू, त्यात दहा वेळा फिट उठवून बघायची आणि दहा जागी अडवून बघायची.

मामा ऐकत राहिले. मग त्यांनी लॅबकडे एक नजर टाकली, रांगेनं.

"एका मशीनमधी एक पेशंट?"

"हो."

"खरी माणसं?"

"खरी. नावं आपल्याला सांगत नाहीत, नंबर आहेत."

"माझ्या धाकट्या भावाला यायची फिट," मामा म्हणाले. "कांदा हुंगवायचो. चप्पल हुंगवायचो. हिरीवर असताना आली एक बार. तवा कुनी न्हवतं जवळ." त्यांनी वही मिटली. "ह्ये आज चालू केलं तर ह्या चाळिसांना गुण यील?"

खोटं बोलायला ती फार सोयीची जागा होती. हो म्हटलं असतं तर किल्ली तिथल्या तिथं बाहेर आली असती. मामांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मला अण्णांचा फळा आठवला, त्यावर रोज सकाळी ते स्वतः सुविचार लिहायचे आणि स्वतःच आधी पाळायचे.

"आज नाही," मी म्हटलं. "यांना कदाचित कधीच नाही. आधी बघायचंय की हे गणित खरं उत्तर देतं का, आणि कुठल्याही मशीनवर तेच देतं का. मग कधीतरी डॉक्टर ते वापरतील. दोन वर्षं, पाच वर्षं. आणि आजची घाई माझ्यासाठी आहे. मला जागा पाहिजे. पेशंटसाठी उद्याही चाललं असतं."

मामांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"दवाखान्याला खंडेनवमी नसती," ते म्हणाले. "माझी सून शालू सरकारी दवाखान्यात हाय. तिथं मशीनला हळद-कुंकू लावत्यात, पर बंद करीत न्हाईत. ह्यो वॉर्डच निघाला की, चाळीस खाटांचा. गुरुवारीच सांगितलं असतं तर म्या झोपवल्याच नसत्या."

"आणि माझ्यासाठीचं?"

"ते आता त्याच्यात आलंच," मामा म्हणाले आणि वरच्या खिशात हात घातला.

पेटी उघडायच्या आधी त्यांनी लॅबच्या उंबऱ्यात हात जोडले आणि मशीनांची माफी मागितली, अगदी पप्पूनं जीपची मागितली तशी. मग मेन वर गेला. आम्ही दोघं रांगेनं बटणं दाबत गेलो, मी एका बाजूनं, ते दुसऱ्या. फुलं तशीच होती, फक्त हवा जायच्या जाळीवरची मामांनी बाजूला सरकवली. पहिला पडदा उजळला. सातशे आठ.

आकडा तिथंच होता. पण आकडा दिसणं म्हणजे काम चालू असणं नव्हे. पुढचा आकडा आला तरच मेंदू खरा जागा झाला म्हणायचं, आणि तो यायला चार मिनिटं लागतात. आम्ही दोघं पहिल्या मशीनसमोर उभे राहिलो. मामांनी वही उघडी धरली होती. माझ्या आयुष्यात मी बरीच चार मिनिटं वाया घालवली आहेत, पण एवढी मोठी एकही नव्हती.

सातशे नऊ.

मामांनी वहीत बरोबरची खूण केली. मग दुसरं, तिसरं. तेवीस नंबरचा पडदा काळाच राहिला आणि मी पुन्हा बटणाकडे हात नेला.

"त्याला येळ लागतो," मामा म्हणाले. "पयल्यापासून आळशी हाय त्यो." तेवीस नंबर सवडीनं उठला. तीन वाजेपर्यंत वहीत चाळीस खुणा झाल्या होत्या आणि माझ्या फोनवर चाळीस हिरवे ठिपके.

मी तेव्हा माफी मागितली. नीट, उभं राहून, शब्द उच्चारून, कारण नुसतं "सॉरी हं" म्हणून तो शब्द पुसला जाणार नव्हता. मामा म्हणाले, "पोटच्या पोरी बी बोलत्यात." मग खोबऱ्याची ताटली पुढं केली. ह्या खेपेला मी घेतलं.

रविवारी सकाळी मस्तगडच्या विहारात वंदना झाली. आई घनसावंगीहून पहाटेच्या गाडीनं आली होती, माझ्यावर लक्ष ठेवायला, असं ती अण्णांना म्हणाली. पांढऱ्या साडीत मी हात जोडून बसले होते आणि दर दहा मिनिटांनी फोन बघत होते. अण्णांनी डोळे न उघडता "ठेव तो," म्हटलं, तेव्हा ठेवला. अकराला लॅबवर पोचले, खिरीचा डबा घेऊन. मामा तिथंच होते. सुट्टीचा दिवस, दसरा, घरी पुरणपोळी, आणि हा माणूस सकाळी सातपासून दारात स्टूल टाकून बसलेला. माझ्या इंग्रजी कागदावर त्यांनी वहीचं पान चिकटवलं होतं. निळ्या पेनानं लिहिलं होतं, "आत पेशंट आहेत. आवाज करू नये."

चाळीसही हजारावर आले होते. निकाल बाराला पाठवले. मग काही करण्यासारखं नव्हतं. आम्ही खीर खाल्ली. मामांनी खिशातून आपट्याची पानं काढली आणि म्हणाले, "तुमच्यात सोनं घेत्यात का?"

"आमच्यात घेत नाहीत," मी म्हटलं, "पण तुमच्याकडून घेते." पानं अजून माझ्या पर्समध्ये आहेत, पार वाळून गेलीत.

साडेचारला संध्या मॅडमचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला, मामांनाही ऐकू यावं म्हणून. चारशे खेपा, आकड्याला आकडा जुळल्या होत्या. "पण एक विचारायचंय," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या चाळीसही मशीनच्या नोंदीत एक खड्डा आहे. शनिवारी सकाळी सगळ्या थांबल्या आणि पाच तासांनी पुन्हा चालू झाल्या, ओळीनं. काय झालं होतं?"

वीज गेली होती, म्हणता आलं असतं. मामा माझ्याकडे बघत होते.

"मशीनना खंडेनवमीची सुट्टी होती," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं, कागद इंग्रजीत होता तो भागही, अडाणी हा शब्दही.

मग मॅडम म्हणाल्या, "दुसऱ्या उमेदवाराचेही आकडे जुळले. पण त्याच्याकडे काहीच घडलं नाही. मधेच थांबवून पुन्हा उठवलं तर हे गणित टिकतं का, हे आम्हीही कधी बघितलं नव्हतं. तुमच्याकडे चाळीसच्या चाळीस टिकलं, आणि थांबवताना कुणीतरी आकडे लिहून ठेवले होते. मला ती वही स्कॅन करून पाठवा. उद्याच्या मीटिंगमध्ये मी ती पुढं ठेवणार आहे." फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "पुण्यात राहायची सोय बघायला लागा."

मी खाली बसले आणि रडले. जन्मले तेव्हाचं राहिलेलं असावं. मामांनी पाण्याची बाटली आणून दिली आणि मग पाठ करून उगीचच पक्कड पुसत उभे राहिले.

सोमवारी मंजुरी आल्यावर मी डबा शेवटचा बंद करायला बसले. आता तो मॅडमच्या केंद्रातून जगात कुणालाही मिळणार होता. त्याबरोबर वापरायच्या सूचना जातात. मी सगळ्यात वर, पहिल्या ओळीत लिहिलं, चालू करण्याआधी, ज्याच्या हातात मुख्य स्विच आहे त्याला हे काय आहे ते त्याच्या भाषेत सांगा. आणि डब्याच्या पोटात एक जागा असते, हा डबा कोण सांभाळतं त्याची नावं लिहायची. तिथं माझं नाव होतं. त्याच्या खाली मी रखमाजीमामांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, टाकलं आणि त्यांना बोलावून पडद्यावर दाखवलं.

मामांनी चष्मा लावून ते नाव दोनदा वाचलं. डबा कुठं कुठं जाणार ते विचारलं. मी म्हटलं, जिथं कुठं हा उघडतील, तिथं तुमचं नाव आत असेल.

त्यांनी वरच्या खिशातून, किल्लीच्या शेजारून, पेन काढलं आणि टोपण उघडलं.

"सही कुठं करू?" त्यांनी विचारलं.